सोडा म्हणेपर्यंत

गाडी येताना दिसत असूनही दादा बाजूला का झाला नाही?

धाकट्याने हे सगळ्यांना विचारलं. चौकशीला आलेल्या साहेबांना विचारलं, दवाखान्यातल्या माणसाला विचारलं, ज्यांनी दादाला उचलून आणलं त्या रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमधल्या माणसांनाही विचारलं. साहेब म्हणाले, "चौकशी चालू आहे." दवाखान्यातला म्हणाला, "इथे सही करा." गँगमधल्यांनी खाली बघितलं आणि बुटाच्या टोकाने खडी उकरली. शेवटी त्याने वहिनीकडे तोंड वळवलं, तर तिनेच विचारलं, "भाऊजी, ते का नाही हो सरकले?" त्या दिवसापासून त्याने विचारणं बंद केलं.

चौकशी संपली तेव्हा कागद वाचून दाखवायला शेजारच्याला बोलवावं लागलं, कारण धाकटा शाळेत जेवढा बसला त्याहून जास्त वर्गाबाहेर उभा राहिला होता. कागदात लिहिलं होतं की मुकादमाने वेळेत 'सोडा' अशी हाक दिली होती. कामगाराने ऐकलं नाही. निष्काळजीपणा कामगाराचा. गाडी सुखरूप पुढे गेली.

"गाडी सुखरूप," धाकटा म्हणाला. "वा. गाडीला हारच घालायला पाहिजे."

वहिनीने कागदाची घडी घातली. जो माणूस बाजारातली पिशवी 'ठेवा' म्हटल्याशिवाय खाली ठेवत नसे, तो हाक ऐकूनही हलला नाही, हे तिला त्या कागदाने शिकवलं होतं.

मग दादाच्या जागेवर धाकट्याला घेतलं. पहार दादाचीच मिळाली, हातोडाही दादाचाच. जाकीट तेवढं नवीन दिलं. जुनं देण्यासारखं राहिलं नव्हतं.

काम तसं सांगायला सोपं. दोन रूळ एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर ठेवायचे. जरा जवळ आले तर चाक अडतं, जरा लांब गेले तर चाक आत उतरतं. उघड्या मार्गावर रूळ डोळ्यांसमोर असतात, काही बिघडलं तर दिसतं. रस्ता जिथे रूळ ओलांडतो त्या फाटकात मात्र सगळं सिमेंटच्या लाद्यांखाली. वरून ट्रक धडधडत जातात, खाली पाणी मुरतं, आणि रूळ रुसलेल्या माणसांसारखे हळूहळू एकमेकांपासून दूर सरकतात. म्हणून तिथे लाद्यांखालून एक जाड लोखंडी दांडा दोन्ही रुळांच्या पोटातून आरपार घालतात आणि दोन्ही टोकांना नट पिळतात. तो रुळांना धरून ठेवतो. वरून दिसत नाही. तो आहे असं समजायचं आणि गाडी सोडायची.

गँगची एक रीत होती. रूळ जागेवर आणायचा तर मुकादम हाक देणार, "धरा!" पहारी खडीत रोवून सगळे जोर लावणार आणि म्हणणार, "धरलं!" मग रूळ तसाच दाबून धरायचा. हात थरथरले तरी धरायचा, कारण नट पिळणाऱ्याची बोटं तेव्हा रुळाखाली असतात. ज्याने 'धरा' म्हटलं त्यानेच 'सोडा' म्हणायचं. दुसऱ्या कुणी म्हटलेलं चालत नाही. आणि त्यावर एकेकाने "सोडलं!" म्हणायचं, म्हणजे कुणी धरून राहिलेलं नाही हे मुकादमाला कळतं.

दादाचं उत्तर नेहमी अर्धा श्वास उशिरा यायचं. सगळ्यांचं "धरलं!" झालं की मागून एकटं "धरलं." सोबती चिडवायचे, "याचा आवाज मालगाडीने येतो." दादा हसायचा. डाव्या हाताची करंगळी त्याने नोकरीच्या सुरुवातीलाच रुळाखाली गमावली होती, त्यावरही वहिनी म्हणायची, "यांना हिशोब सांगू नका. यांचे आकडे नवावर संपतात." त्यावरही तो हसायचा.

मुकादम म्हणजे पांढऱ्या मिशांचा, जाड आवाजाचा माणूस. दादाच्या लग्नात पंगतीत वाढायला तो होता. धाकट्याला तो हलकं काम द्यायचा, कधी ओरडायचा नाही, स्वतःच्या डब्यातलं अर्धं पुढे करायचा. धाकटा ते खायचा नाही. भडकू स्वभावामुळे गँगने त्याचं नाव ठिणगी ठेवलं होतं, आणि मुकादमासमोर ती ठिणगी सारखी फुलत असायची. एक गोष्ट त्याच्या लवकरच लक्षात आली. मुकादम फाटकात पाऊल टाकत नसे. गँग फाटकाशी आली की तो खांबापाशी थांबायचा. धाकटा माप घ्यायची लांब पट्टी दोन्ही रुळांवर आडवी ठेवायचा आणि मुकादम लांबून विचारायचा.

"किती?"

"बरोबर."

"नीट बघ."

"बरोबर आहे म्हटलं ना."

आणि मुकादमाच्या चेहऱ्यावर जे यायचं ते समाधान नव्हतं.

सगळ्या मार्गावर कुठे ना कुठे केसभर फरक पडायचाच. थंडीने पडायचा, ओझ्याने पडायचा. या एका फाटकात कधीच पडायचा नाही. गँगमधले म्हणायचे, "हे फाटक म्हणजे साहेबाचा जावई. याला काही होत नाही."

धुक्याचे दिवस आले. असं धुकं की भर दुपारी समोरचा माणूस आवाजावरून ओळखायचा. एका दुपारी गँग फाटकाच्या अलीकडे रूळ सरकवत होती. सगळीकडे ओल्या लोखंडाचा आणि डांबराचा वास भरून राहिला होता. मुकादमाने हाक दिली, "धरा!"

"धरलं!"

आणि मग, अर्धा श्वास उशिरा, पुढून, धुक्यातून, फाटकाच्या दिशेने...

"धरलं."

कुणी हललं नाही. पहारी सगळ्यांच्या हातात तशाच ताणलेल्या. मुकादमाचं तोंड उघडं राहिलं होतं, आणि 'सोडा' म्हणायला त्याला इतका वेळ लागला की शेवटचा माणूस कण्हायला लागला.

"सोडा..."

"सोडलं!" गँग म्हणाली.

धाकट्याने कान दिला. पुढून काहीच आलं नाही.

"धुक्यात आवाज घुमतो," कुणीतरी म्हणालं. "घुमला."

"मग 'सोडलं' का नाही घुमलं?" धाकट्याने विचारलं.

सगळ्यांनी पुन्हा पहारी उचलल्या. पण पुढच्या वेळी 'धरा' झालं तेव्हा पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वेळीही. 'धरलं' येत होतं. 'सोडलं' येत नव्हतं.

फाटकावर एक मावशी होती. फाटक उघडणं, बंद करणं, फोन घेणं, सगळं तीच बघायची. तिच्या कोठडीत एक खुर्ची, एक शेगडी आणि भिंतीला फोन. धाकटा दुसऱ्या दिवशी काम सोडून तिच्याकडे गेला. ती शेगडीवर हात शेकत होती.

"ये," ती म्हणाली. "उशीरच केलास. मला वाटलं लवकर येशील."

"मावशी, तू काय ऐकलंस?"

तिने शेगडीवरचे हात काढले. मग खिडकीतून बोट दाखवलं. "ती मधली लादी बघ. सगळा रस्ता दवाने काळा झालाय. ती एकटी कोरडी आहे. रोज असते. मांजर येऊन बसायचं तिच्यावर ऊब म्हणून. एकदा गाडी जाताना ते तिथेच होतं... त्यानंतर ते या बाजूलाच येत नाही."

"गाडी जाताना काय होतं?"

"तूच ऐक. मला सांगायला लावू नकोस."

गाडीची घंटा झाली. तिने फाटक बंद केलं. धाकटा रुळाच्या कडेला पालथा पडला, लादीच्या टोकाला कान लावला. लादी उबदार होती, नुकतंच कुणी उठून गेलेल्या गादीसारखा. लांबून रूळ गुणगुणायला लागले. मग धुकं फाडून इंजिन आलं, डोक्यापासून हातभर अंतरावर चाकं आदळायला लागली, आणि त्या सगळ्या खडखडाटाच्या खाली त्याला दुसरंच काही ऐकू आलं. जड सामान उचलताना माणूस दात आवळून जसा श्वास सोडतो, तसा श्वास. प्रत्येक चाकाला एक. हं... हं... हं... शेवटचा डबा गेला, आणि खाली कुणीतरी अगदी हळू, दमून गेलेल्या आवाजात म्हणालं,

"अजून?"

धाकटा उठला तेव्हा त्याच्या गालावर लादीची नक्षी उठली होती. मग एकदम त्याला सगळं दिसलं, कुणी सांगितल्यासारखं. दादाने 'सोडा' ऐकलं नाही, कारण कुणी ते म्हटलंच नव्हतं.

"मावशी, मी लाद्या उघडतोय."

"परवानगी?"

"दादाला कुणी विचारलं होतं?"

मावशीने शेगडी बाजूला सारली. मग तिने फोन उचलला. "फाटक अडकलंय," ती फोनात म्हणाली. "खाली येत नाही. सिग्नल देऊ नका... हो, बघतेय. माणूस लावलाय." फाटक बंद झाल्याशिवाय सिग्नल पडत नाही, आणि सिग्नल पडल्याशिवाय गाडी येत नाही. तिने फोन ठेवला. "आटप लवकर. खोटं जास्त वेळ टिकत नाही."

पहिली लादी त्याने पहारीने उचकटली तोवर रस्त्यावर धावणारे बूट ऐकू आले. धुक्यातून मुकादम आला, डोक्यावर टोपी नाही, धापा टाकत.

"उघडू नकोस! ठिणगी... बाळा... उघडू नको रे."

आणि आयुष्यात न टाकलेलं पाऊल टाकावं तसा तो फाटकात आला.

धाकट्याने दुसरी लादी उलथवली.

खाली दांडा रुळांत नव्हताच. तो तळाशी चिखलात पडला होता, गंजून तांबडा झालेला, नट बाजूला. दोन्ही रुळांच्या पोटातली भोकं रिकामी. इतके दिवस इतक्या गाड्या गेल्या होत्या, आणि खाली धरायला काहीच नव्हतं. धाकट्याने पट्टी ठेवली. बरोबर. केसाचाही फरक नाही.

मग त्याला ते ठसे दिसले. दोन्ही रुळांच्या बाहेरच्या अंगाला, गंजाच्या मधोमध, लोखंड घासून घासून चांदीसारखं लखलखत होतं. एका रुळावर उघड्या पंज्याचा आकार, पाच बोटं. समोरच्या रुळावर दुसरा पंजा. त्याला चार.

धाकटा बराच वेळ वाकून राहिला. मग त्याने मान वर केली.

"तू म्हणाला नाहीस."

मुकादमाने ओठ हलवले.

"बोल! 'सोडा' म्हणाला होतास?"

"गाडी एकदम आली..." मुकादम म्हणाला. "धुकं होतं. फाटक बंद, रस्त्यावर अडकलेले लोक हॉर्न वाजवत होते. मी म्हटलं पटकन उरकू, गाडी थांबवायला झेंडेवाला नाही लावला. मी 'धरा' म्हटलं. नट हातात घेतला आणि समोर इंजिन. मी उडी मारली, बाकीच्यांनी पहारी टाकल्या. तोंडच उघडलं नाही रे माझं... तो माझ्याकडे बघत होता. मी म्हणेन म्हणून बघत होता."

"आणि नंतर दांडा?"

"दांडा घातलाच नव्हता म्हटलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं. मी लाद्या टाकून घेतल्या. पहिली गाडी येईपर्यंत मी देवाचं नाव घेत उभा होतो, की पडली तर पडू दे, सुटेन एकदाचा... ती पडली नाही. एकही पडली नाही."

धाकट्याचं डोकं फिरलं. त्याने म्हाताऱ्याची मानगूट पकडली, त्याला खड्ड्यात गुडघ्यावर आणलं, त्याचे दोन्ही हात ओढून त्या लखलखत्या ठशांवर दाबले.

"धर! आता तू धर! बघ किती वेळ धरवतं ते. धर म्हणतो ना!"

"धरलं..." मुकादम रडत म्हणाला. नोकरीभराची सवय, तोंडातून आपोआप गेलं.

मग धाकट्याने चिखलातून दांडा काढला, भोकांतून आरपार घातला, नट बसवले आणि पाना लावून पिळत गेला, खांदा निखळेपर्यंत पिळत गेला. त्याचं काम मात्र चोख झालं. शेवटी पाना टाकून तो म्हणाला, "आता म्हण. तुझंच राहिलंय. तूच म्हण."

मुकादमाने डोळे मिटले. हाक द्यायला छाती भरून घेतली. आवाज निघाला तो मात्र लहान मुलासारखा.

"सोडा..."

खाली काहीतरी सुटलं. दोन्ही रूळ किंचित, अगदी किंचित बाहेर दबले, आणि दांड्याने ताण घेतला, तंबोऱ्याची तार लागावी तसा तो घुमला. उलटलेल्या लादीवर बघता बघता दव चढलं. धाकटा उत्तराची वाट बघत राहिला. अर्धा श्वास. पूर्ण श्वास. धुक्यात फक्त मावशीचा फोन वाजत होता.

"सोडलं" काही आलं नाही.

त्याला वाटलं, नसेल आलं. गेला असेल न बोलता. इतकं धरून ठेवल्यावर माणसात बोलण्याएवढं काय राहणार?

पुढचं सगळं साहेबलोकांच्या पद्धतीने झालं. विनापरवाना रस्ता उघडला म्हणून धाकट्याला कामावरून काढलं. मावशीची दुसऱ्या फाटकावर बदली झाली. मुकादमाने साहेबांसमोर सगळं खरं सांगितलं, तर साहेब म्हणाले, "तापात बरळतोय." ताप खरंच होता. दादाच्या कागदातला शब्दही बदलला नाही. गँगमधला एक जण घरी येऊन सांगून गेला, की आता 'धरा' म्हटल्यावर मागाहून तो आवाज येत नाही, आणि फाटकातलं माप इतर जागांसारखं थोडंथोडं सरकायला लागलंय. वहिनीने हे ऐकलं आणि खुंटीवरचा दादाचा डबा काढून घासून ठेवला.

मग एक दिवस मुकादमाची बायको आली. दारातच उभी राहिली. वहिनी तिला 'बसा' म्हणाली नाही.

"त्यांचे हात मिटलेत," ती म्हणाली. "त्या दिवसापासून. दोन्ही मुठी. डॉक्टर उघडू बघतात तर बोटं मोडतील म्हणतात. जेवण नाही, पाणी मी चमच्याने घालते. रात्रंदिवस एवढंच बोलतात, अजून? अजून?" ती धाकट्याकडे वळली. "ते म्हणतात, धर म्हणणारा तू होतास."

धाकटा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "बरं झालं," तो म्हणाला. "धरू दे."

ती बाई भांडली नाही. तशीच निघाली. अंगणाबाहेर गेल्यावर तिचं रडणं ऐकू आलं, पदर तोंडात कोंबल्यासारखं.

रडणं लांब जात विरलं. मग वहिनी म्हणाली, "भाऊजी, जा."

"का म्हणून जाऊ? त्याने माझ्या दादाला..."

"मला माहीत आहे त्याने काय केलं. मी रोज त्याला शिव्या देऊनच चूल पेटवते." तिचा आवाज कापत नव्हता. "पण कुणी म्हणेल म्हणून वाट बघत बसायचं... ते यांनी केलं तेवढं पुरे. माझ्या घरातून दुसऱ्या कुणाला ते मिळायला नको. जा."

तो गेला. धुकं अजून होतं. मुकादमाच्या खोलीत औषधाचा आणि घामाचा वास होता, आणि त्याखाली अगदी पुसट, ओल्या लोखंडाचा. खाटेवर म्हातारा एवढासा झाला होता. हात छातीवर नव्हते. दोन्ही बाजूंना लांब ताणलेले होते, जणू सोडलं तर खाटेच्या दोन्ही पट्ट्या एकमेकांपासून दूर जातील.

"आलास," मुकादम म्हणाला. "मी सोडलं नाही हं. तू म्हणेपर्यंत नाही सोडलं."

त्याची बायको कोपऱ्यात उभी होती. धाकटा स्टुलावर बसला. त्याला ते म्हणायचं नव्हतं. दोनच अक्षरं. बाहेर लांब कुठे गाडी गेली, आणि म्हाताऱ्याने दात आवळले. हं... हं... हं...

"सोडा," धाकटा म्हणाला.

बोटं एकेक करून उघडली, सुकलेलं फूल गळावं तशी. मुकादमाने सुस्कारा टाकला. "सोडलं." आणि झोपी गेला.

धाकट्याने त्याचे हात उचलून पांघरुणावर ठेवले, तेव्हा त्याला दिसलं. तळहातांवर काही नव्हतं. हातांच्या मागच्या बाजूला होतं. बाहेरून कुणीतरी ते हात दाबून धरून ठेवले असावेत तसे बोटांचे निळे वळ. उजव्या हातावर पाच. डाव्यावर चार.

आणि अर्धा श्वास उशिरा, त्याच्या पाठीमागून, अगदी जवळून...

"सोडलं."

कोपऱ्यातल्या बाईने तोंडावर हात दाबला. ती धाकट्याच्या मागे बघत होती. धाकट्याने मान वळवली नाही.

तो उठला, दारापाशी गेला, दार उघडलं. धुकं उंबऱ्यापर्यंत आलं होतं. तो बाहेर पडला, पण दार लोटलं नाही. हाताने धरून उभा राहिला, मागून येणारा माणूस निघून जाईपर्यंत. अंगाला ऊब लागून गेली. मग त्याने दार हळूच सोडलं.